जुन्या पुलाला निवृत्ती नसते

नोकरीतल्या माणसाला निवृत्तीचं वय असतं. मलाही होतं. तारीख कित्येक वर्षं आधीपासून ठाऊक होती. पेन्शनचे कागद सहा महिने आधी सुरू झाले, शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ, चहा-चिवडा, दोन-चार भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गावर दुसऱ्या बाई उभ्या राहिल्या. पुलाचं तसं नाही. नवा पूल झाला की नारळ फुटतो, फीत कापतात, वर्तमानपत्रात पानभर जाहिरात येते. पण शेजारचा जुना पूल कोणत्या तारखेला थांबणार, हे त्या जाहिरातीत मी तरी कधी वाचलेलं नाही. तो आपला उभाच असतो, आणि वाहनंही नेतच असतो.

हे लिहायचं कारण माझं माहेर. माझं माहेर सदाशिवगडचं, कारवारच्या समोर, काळी नदीच्या उत्तरेला. नदी म्हणायची ती भूगोलाच्या पुस्तकात. गडाखाली ती समुद्राला मिळते तिथे खाडीच आहे, भरती-ओहोटीची, खाऱ्या पाण्याची. आम्ही तिला नुसतं ‘न्हंय’ म्हणायचो. कोर्ट-कचेरी, मोठा बाजार, डॉक्टर, हायस्कूल सगळं पलीकडे कारवारात, आणि मधे न्हंय. माझ्या लहानपणी ती पाण्यावरूनच ओलांडावी लागे. वडील कोडीबागच्या धक्क्यावर उतरले की आधी धोतराचा ओला काठ पिळत आणि मग छत्री उघडत. माझं लग्न होऊन मी गोव्यात आले तेव्हा वऱ्हाडही असंच पाण्यावरून आलं होतं. पूल झाला त्यानंतर, १९८३ साली. आईचं पत्र आलं होतं, ‘आता तू एका दमात घरी येशील.’ पुलाबद्दल आईने लिहिलेलं तेवढं एकच वाक्य, पण ते मला पाठ आहे.

पुढे चौपदरीकरण आलं. राष्ट्रीय महामार्ग ६६ रुंद झाला आणि जुन्या पुलाच्या शेजारी नवा पूल उभा राहिला. माहेरी गेले की भाचा मोटारसायकलवरून कारवारला न्यायचा. सदाशिवगडहून कारवारला जाताना जुन्या पुलावरून जायचं, परतताना नव्यावरून यायचं. गोव्याकडून येणारी वाहनं जुन्यावरून आणि गोव्याकडे जाणारी नव्यावरून, अशी वाटणी होती. आम्हांला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट दोन-दोन पूल झाले याचंच कौतुक.

७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री एकच्या सुमाराला जुना पूल कोसळला. गोव्याकडून येणारा एक ट्रक त्याच्याबरोबर पाण्यात गेला. मच्छीमार आणि पोलीस धावले, चालकाला जिवंत वर काढलं. पहाटे भाच्याचा फोन आला. घरात आमची भाषा कोकणी. “आत्या, आमचो पूल पडलो,” एवढंच तो म्हणाला आणि थोडा वेळ काही बोललाच नाही. त्याची कारवारातली नोकरी सकाळची. रोज साडेआठच्या सुमाराला तो त्याच पुलावर असतो, पुढे शाळेच्या गाड्या असतात, मागे मासळीचे टेंपो. रात्री एकच्या जागी सकाळचे साडेआठ वाजले असते तर, हे वाक्य त्याने उच्चारलं नाही. मीही नाही.

पूल एक्केचाळीस वर्षांचा होता. माणसाच्या हिशेबाने भर उमेदीचं वय.

नंतर बऱ्याच दिवसांनी मी भाच्याला विचारलं, की नवा पूल झाला तेव्हा जुना बंद का केला नाही? तो हसला. म्हणाला, “आत्या, बंद केला असता तर रस्ता चौपदरी कसा झाला असता?” सगळी गोम या उत्तरात आहे. दोन पदरी रस्त्याचा चौपदरी करायचा तर नवे दोन पदर लागतात, कारण जुने दोन आहेतच. खाडीवर हा हिशेब मांडला की उत्तर येतं, दोन पदरांचा एक नवा पूल. दोन अधिक दोन, चार. गणित बरोबर आहे, मी मुलांना हेच शिकवलं. पण या बेरजेत जुना पूल नव्याच्या किमतीचा धरला जातो. आपण सगळे ‘नवा पूल झाला’ म्हणतो आणि मनात समजतो की जुन्याची जागा नव्याने घेतली. प्रत्यक्षात कोणी कोणाची जागा घेतलेली नसते. जुन्यावरचा अर्धा भार उतरतो, आणि उरलेला अर्धा पुढे किती वर्षं वाहायचा ते कोणी ठरवलेलं नसतं.

काळीचा प्रकार एकटा असता तर मी त्याला दैव म्हटलं असतं. महाडचा आठवा. सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं त्या अंधारात सरळ नदीत गेली. कोकणातली, मुंबईला कामाला निघालेली माणसं होती ती. कित्येकांचे देह दूर खाडीपर्यंत जाऊन मिळाले. तिथेही शेजारी नवा पूल होता. तिथेही एका दिशेची वाहतूक नव्यावरून आणि दुसरीची जुन्यावरून, अशीच वाटणी होती. दोन घटना, आठ वर्षांचं अंतर, मांडणी तीच. महाडला मग पडलेल्या पुलाच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ ला वाहता झाला. काम झटपट झालं, त्याचं कौतुकही झालं, व्हायलाही हवं. पण १६५ दिवसांत जे होऊ शकतं ते आधीच्या कितीतरी वर्षांत का सुचलं नाही, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला.

आता मांडवीकडे येते, कारण तिथली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची आहे आणि ती थोडी वेगळी आहे.

१९८६ साली मी पर्वरीला राहत होते आणि पणजीच्या एका शाळेत शिकवत होते. मांडवीवरचा नेहरू पूल तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा. पणजी आणि बारदेश त्याने जोडलेले. त्या पुलाआधी मांडवी ओलांडणारी जुनी माणसं लाँचला ‘गाझोलीन’ म्हणायची. आम्ही त्यांची थट्टा करायचो, की तुमचं गाझोलीन गेलं आता म्युझियममध्ये. ५ जुलै १९८६, शनिवार. भर पावसात तो पूल कोसळला. राजधानी एका काठावर आणि अर्धा उत्तर गोवा दुसऱ्या काठावर. मुंबईहून येणारा हायवेच तुटला. गाडीने पणजीला यायचं तर डिचोली, साखळी, फोंडा असा सगळा वळसा. एरवी पाच-दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा दिवस.

सोमवारी बेतीच्या धक्क्यावर जी गर्दी पाहिली ती जत्रेत नसते. छत्र्यांना छत्र्या अडकलेल्या, पाटीत मासळी घेतलेल्या बायका, सरकारी बाबू फाइली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काखेत धरलेले, कॉलेजची मुलं आणि आम्ही शिक्षक. फेरीबोट धक्क्याला लागायच्या आधीच लोक उड्या मारायचे. नदी लाल, गढूळ, वेगात. पहिले काही दिवस सगळे थोडे घाबरलेले, थोडे मजेत. मग मजा संपली आणि रोजचं झालं. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराला पणजीहून जाणाऱ्या बायका पहाटे उठू लागल्या. मी शाळेत दुसरी साडी ठेवू लागले. पहिल्या तासाला अर्धा वर्ग रिकामा असायचा आणि पटावर उशिराची लाल खूण करायला हात उठायचा नाही, कारण बाई स्वतःच धापा टाकत आलेल्या असायच्या.

त्या दिवसांतली एक रात्र मात्र रोजची नव्हती. शेजारच्या वहिनींना दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. म्हापशाला नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेडिकल कॉलेजला न्या, उशीर करू नका. मेडिकल कॉलेजचं इस्पितळ तेव्हा पणजीतच होतं. पूल असता तर म्हापशाहून अर्धा तास. आम्ही रात्री दोन वाजता बेतीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडे. पणजीचे दिवे समोर दिसत होते. इस्पितळ कुठल्या दिव्यांच्या मागे आहे तेही बोट दाखवून सांगता आलं असतं. वहिनी भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून होत्या, आणि त्यांचे यजमान पावसात उभं राहून पलीकडे बॅटरीचा उजेड पाडत होते. त्या उजेडाने बोट येणार नव्हती. पण काहीतरी करायला हवं ना माणसाला. बोट आली तेव्हा खलाशाने काही विचारलं नाही, एकट्या आमच्या गाडीसाठी बोट सोडली. मुलगी झाली, सुखरूप झाली. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे, आणि तिच्या आईने तिला ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की आता ती आम्हांला गप्प करते.

पूल म्हणजे काय, हे मला त्या रात्री त्या धक्क्यावर कळलं. अभियंत्यांना तो स्तंभ, तुळया आणि गाळे यांत दिसत असेल. माझ्यासाठी पलीकडच्या दिव्यांचं अंतर म्हणजे पूल.

सोळा वर्षांचा पूल पडतो कसा? पुढे शाळेतल्या मुलांनी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला की मी ओळखीच्या एका अभियंत्याला गाठून समजून घेतलं. ते जसं समजलं तसं सांगते. गवंडी चार-पाच विटा एका ओळीत धरतो, दोन्ही टोकांनी दाबतो आणि ओळच्या ओळ उचलतो, पाहिलंय ना? मधल्या विटांना खालून आधार नसतो. दाबाने त्या एकमेकींना धरून राहतात. हात जरा ढिले झाले की मधली वीट पायावर. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा पूल थोडाफार असाच असतो. काँक्रीटच्या पोटात नळ्या, नळ्यांत पोलादी तारांचे जुडगे, ते ओढून ताणलेले. त्या ताणाने काँक्रीट दाबलेलं राहतं आणि लांबच लांब गाळा कमी मालात पेलला जातो. तार ताणल्यावर नळीत सिमेंटचं पातळ मिश्रण भरतात, म्हणजे तारेला हवा-पाणी लागू नये. हे मिश्रण नीट भरलं गेलं नाही, कुठे पोकळी राहिली, की तिथे ओल शिरते. खाडीवर ती ओल खारट. मीठ आणि पोलाद यांचं वैर आपल्याला स्वयंपाकघरातल्या विळीपासून ठाऊक आहे. ताणलेली तार गंजली की ती हळूहळू वाकत नाही, तुटते. एक, मग दुसरी, मग तिसरी. बाहेरून पूल जसाच्या तसा. चुना लावलेला कठडा, रंगवलेले किलोमीटरचे दगड. मांडवीच्या पुलाच्या बाबतीत पुढे जे लिहिलं गेलं त्यात या गंजलेल्या तारांचाच दोष मुख्य मानला गेला.

आपल्याकडेच असं झालं असंही नाही. मांडवीच्या सात महिने आधी, ४ डिसेंबर १९८५ ला, वेल्समध्ये १९५३ साली बांधलेला याच जातीचा एक छोटा पूल कसलीही पूर्वसूचना न देता पडला होता. कारण तेच, तारांचा गंज. ब्रिटनने पुढे १९९२ मध्ये नळीत तार भरून बांधायची ही पद्धत नव्या पुलांसाठी काही वर्षं चक्क थांबवली, पद्धतीत सुधारणा करून मगच पुन्हा चालू केली. मुंबईला जाताना वाशीची खाडी लागते, तिच्यावरचा १९७३ चा पूलही याच पिढीतला आणि याच दुखण्याचा. त्याच्यावर उपचार झाले, शेजारी दुसरा पूल बांधला गेला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिसऱ्याचा पहिला भाग खुला झाला.

म्हणून मला ‘जुना पूल’ या शब्दांबद्दलच थोडी शंका आहे. पणजीहून रायबंदरला जाणारा कॉजवे घ्या. पोर्तुगीज व्हाइसरॉय कौंट लिन्हारेस याने तो १६३० च्या दशकात बांधवला. सुमारे तीन किलोमीटर लांब, चिऱ्यांचा, मधे पाणी जायला कमानी. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. पावणेचारशे वर्षं उलटून गेली, त्याच्यावरून आजही गाड्या जातात. त्याच्या पोटात गंजायला पोलादच नाही. दगडावर दगड, आणि वजन जितकं जास्त तितकी कमान घट्ट. आणि त्याच पणजीत सोळा वर्षांचा पूल म्हातारा होऊन मेला. (म्हणजे जुन्या लोकांना सगळं कळत होतं आणि आताच्यांना काही कळत नाही, असं कृपा करून कोणी यातून काढू नये. दगडी कमानीने मांडवीचं मोठं पात्र जहाजांना वाट ठेवून ओलांडता येत नाही. आणि सावित्रीचा पूल दगडीच होता. वाहत्या पाण्यात दगडी पुलाचा शत्रू खाली असतो. पूर पायाखालची माती-वाळू उकरून नेतो, माणसंही वाळू उपसतात, आणि एक दिवस पाय अधांतरी.)

तेव्हा पुलाचं वय वर्षांत मोजून भागत नाही. तो कशाचा आहे, कुठल्या पाण्यावर आहे, बांधताना हयगय झाली होती का आणि नंतर त्याला आतून कोणी तपासलं का, यावर ते ठरतं. शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड. आज आपल्याकडे पूल शंभर वर्षं टिकावा असा हिशेब धरून आराखडा करतात. कागदावरची शंभर वर्षं खाऱ्या वाऱ्याला माहीत नसतात. ‘पाहणी केली’ म्हणजे काय केलं, तेही विचारायला हवं. सावित्रीचा पूल पडायच्या आधी त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती, अशी माहिती त्या वेळी सरकारकडूनच देण्यात आली होती. पाहणी म्हणजे नुसतं पाहणं असेल तर मीही केली असती. पुराच्या गढूळ पाण्याखालचा पाया आणि काँक्रीटच्या पोटातली तार डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पाणबुडे लागतात, यंत्रं लागतात, मुख्य म्हणजे वेळ आणि पैसा लागतो.

मांडवीवर पुढे काय झालं ते वाचकांना ठाऊकच आहे. १९९० च्या दशकात एकापाठोपाठ दोन पूल झाले, आणि २७ जानेवारी २०१९ ला अटल सेतू खुला झाला, केबलच्या आधाराचा, जोडरस्त्यांसह पाच किलोमीटरच्या वर लांब. रात्री तो दिव्यांनी उजळलेला पाहायला आम्ही नातवंडांना घेऊन गेलो होतो. दुचाकीला त्यावर बंदी, म्हणून माझ्या भाच्यासारख्यांना त्याचा उपयोग नाही, पण तो वेगळा विषय.

पूल बदलणं म्हणजे काय, हे बऱ्यापैकी झालेलं पाहायचं असेल तर झुआरीकडे बघा. आगशी ते कुठ्ठाळी. तिथला पहिला पूल १९८३ चा, म्हणजे आमच्या काळीच्या पुलाचा जुळा भाऊ. त्याच्या प्रत्येक गाळ्यात दोन बाजूंनी आलेले दोन हात मध्यावर एका सांध्यात भेटत, आणि त्या सांध्यांनी पुढे त्रास दिला. कदंबच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसलेल्या प्रत्येकाला तो दणका आठवत असेल. मडगावला बहिणीकडे जाताना मी सांधे मोजायची. तिथे निदान दुखणं मान्य केलं गेलं. अवजड वाहनांना बंदी झाली, त्यांना बोरीमार्गे पाठवलं. ट्रकवाल्यांनी शिव्या दिल्या, बोरीच्या लोकांनीही दिल्या असतील. कित्येक वर्षं ही अशी कळ काढत गेली. पण पूल पडला नाही. नवा पूल बांधताना चार पदर नवे आणि जुने दोन, अशी काटकसर केली नाही. दोन्ही बाजूंना मिळून आठ पदर, सगळे नवे. पहिली बाजू डिसेंबर २०२२ मध्ये खुली झाली, दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये. जुना पूल तेव्हा शेजारी उभाच होता, पण महामार्गाचं ओझं त्याच्या खांद्यावरून उतरलं होतं. त्याला शाल-श्रीफळ मिळालं की नाही माहीत नाही.

याला खर्च आला. येणारच. अशा वेळी आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त गृहस्थ नेहमी म्हणतात, “बाई, देशात असे पूल किती असतील? सगळे बदलायचे म्हटले तर तिजोरी रिकामी होईल.” त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. चांगला पूल केवळ म्हातारा दिसतो म्हणून पाडणं ही उधळपट्टीच. रायबंदरचा कॉजवे पाडा म्हणणाऱ्याला मीच पहिली विरोध करीन. पण बदलायचं ठरलेलं असूनही वाहतूक चालू ठेवायची, याला काटकसर म्हणत नाहीत. आमच्या बडोद्याच्या वाचकांना गंभीरा पुलाची आठवण करून द्यायला नको. मही नदीवरचा, बडोदा आणि आणंद जोडणारा, १९८५ चा पूल. ९ जुलै २०२५ च्या सकाळी त्याचा गाळा तुटला, गाड्या नदीत गेल्या, वीसहून अधिक माणसं मेली. तुटलेल्या कडेवर अडकलेल्या टँकरचं चित्र सगळ्यांनी पाहिलं. तिथे तर नव्या पुलाला मंजुरीसुद्धा मिळालेली होती. मंजुरी मिळाली याचा अर्थ हा पूल आता पुरेसा नाही हे कोणीतरी कागदावर लिहिलं होतं. मग त्या कागदापासून नवा पूल उभा राहीपर्यंत जुन्यावरून कोण जाईल, कोण जाणार नाही, किती वजन, किती वेग, हे त्याच कागदावर का नसावं? घर पाडून बांधायचं ठरलं की आपण आधी गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मोठं नाही. नवा पूल मंजूर होताना त्याच फायलीत जुन्याचा हिशेब असावा. तो थांबणार असेल तर तारीख. थांबणार नसेल तर का नाही, त्याला आतून कधी तपासलं, पुढे कधी तपासणार आणि किती भार चालेल. पाडायचा असेल तर पाडायचा खर्चही त्याच निविदेत. काळीचा पूल पडल्यावर दोन्ही दिशांची वाहतूक शेजारच्या नव्या पुलावर घालावी लागली, आणि नदीत पडलेला राडारोडा उचलणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं. मच्छीमारांच्या होड्या त्याच पाण्यात, जाळी त्याच पाण्यात. उभा पूल विचारपूर्वक उतरवणं आणि पडलेला पूल पाण्यातून वेचणं यांत स्वस्त कुठलं, हे सांगायला अभियंता लागत नाही.

भाचा आता नव्या पुलावरूनच जातो आणि नव्यावरूनच येतो. गेल्या गणपतीला मी सदाशिवगडला होते. त्याच्या मागे बसून कारवारला निघाले. पुलावर त्याने गाडी जरा हळू केली आणि तो शेजारी पाहू लागला. मीही पाहिलं. आम्ही दोघे काही बोललो नाही, पण त्याने गाडी हळू केली होती ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे त्याने उगीचच जोरात पळवली आणि माझी बोलणी खाल्ली.

पणजीला परत आल्यावर मी एक काम केलं. मांडवीवरचे १९९० च्या दशकातले दोन्ही पूल आता पंचविशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यावरून रोज किती गाड्या जातात ते पर्वरीच्या चढावर सकाळी नऊला उभं राहिलं की दिसतं. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून मी संबंधित कार्यालयाला तीन प्रश्न विचारले आहेत. या दोन पुलांची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? तपासणीत काँक्रीटच्या आतल्या तारा आणि पाण्याखालचे पाये पाहिले होते का? आणि अटल सेतू झाल्यानंतर या दोघांनी आणखी किती वर्षं काम करायचं, याबद्दल काही लेखी ठरलं आहे का? काउंटरवरचा मुलगा माझ्या एका विद्यार्थिनीचा मुलगा निघाला. त्याने अर्ज दोनदा वाचला, शिक्का मारला आणि म्हणाला, “आजी, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या टेबलावर मिळेल तेच आधी शोधावं लागेल.” कायद्याने मुदत तीस दिवसांची आहे. पोचपावती माझ्या टेबलाच्या खणात आहे. जे उत्तर येईल ते याच जागी, जसंच्या तसं छापीन.